नाव राखणाऱ्या बाई

दुकानात आल्या की बाई बसायच्या आधी काउंटरवरचे फोन पालथे घालायच्या. दुरुस्तीला आलेले, चार्जिंगला लावलेले, गिऱ्हाइकाने हातातून नुसते खाली ठेवलेले, सगळे. एकेक उचलायच्या, काच खाली करून ठेवायच्या आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या.

"लोकाईची घरं हायेत हे. दारं उघडी टाकून काऊन बसून राह्यला?"

मी मोबाइल दुरुस्त करतो. भीमपूरच्या चौकात माझं दुकान आहे. एका बाजूला बी-बियाण्यांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चहाची टपरी, समोर ऑटो. तुमच्याही गावात माझ्यासारखा एक जण असेलच. तुम्ही त्याच्या हातात फोन देता, वर पासवर्डही सांगता आणि बाजार करायला निघून जाता. तुम्ही परत येईपर्यंत तो काय बघतो आणि काय नाही, याचा विचार तुम्ही करत नाही. खरं सांगायचं तर आम्हीही करत नाही. मला तो विचार करायला बाईंनी लावलं आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझी फजितीच जास्त येणार आहे.

बाईंचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या भागात नावावरून गाव निघतं, गावावरून आळी आणि आळीवरून घर. बाईंनी ज्या लेकरांचं काम केलं, त्यांच्यापैकी एकाच्याही घरापर्यंत माझ्या लिहिण्यातून वाट जायला नको. म्हणून नुसतं बाई, आणि पुढच्या काही खुणाही मी मुद्दाम बदलल्या आहेत. तसंही सगळं भीमपूर त्यांना बाईच म्हणायचं.

त्या मला शाळेत गणिताला होत्या. झेडपीची मराठी शाळा. आमचा सगळा मुलूख सीमेवरचा. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. घरात मराठी, ऑफिसात तेलुगू, व्यापाऱ्याशी हिंदी, असं आमचं चालतं. बाईंचे वडील दुसऱ्यांच्या शेतांत सालाने राबले, त्यातलं एक शेत माझ्या आजोबांचं. त्यांची मुलगी मास्तरीण होऊन गावात आली, तेव्हा तिला काय म्हणून हाक मारायची, हा आजोबांपुढे मोठाच प्रश्न पडला होता म्हणे. काही दिवस त्यांनी हाकच मारली नाही. मग एकदा माझ्या वडिलांच्या मार्कांची चौकशी करायला गेले आणि तोंडातून आपसूक 'बाई' निघालं.

गणित शिकवून शिकवून त्यांना एक सवय जडली होती. समोरचा माणूस फार फुगला की त्या त्याला पाढा विचारायच्या. मंडल म्हणजे आमच्याकडचा तालुका, तिथल्या ऑफिसातल्या एका क्लार्कने, त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याने, एकदा मान वर न करता 'साहेब नाहीत, उद्या या' म्हणून सांगितलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "सतरा आठे?" तो खुर्चीतून उठून उभा राहिला, एकशे छत्तीस म्हणाला आणि साहेब आतच बसलेत हेही सांगून मोकळा झाला.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात नाहीतर टीव्हीसमोर बसतात. बाईंना जिल्ह्याच्या बालसंरक्षणाच्या ऑफिसातून बोलावणं आलं. काम असं होतं, की एखाद्या लेकराला कोणी छळलं, फसवलं, त्याचे नको ते फोटो मागितले किंवा काढले, तर पोलिसांपुढे आणि कोर्टात त्या लेकराच्या सोबतीला बसायचं. शिवाय आमच्या सीमेवरच्या लेकरांना जे बोलायचं ते मराठीत, आणि लिहून घेणारे सगळे तेलुगू. मधे कोणीतरी दोन्ही भाषांचं आणि भरवशाचं माणूस लागायचं. लेकरासोबत असं एक माणूस असावं, ही सोय कायद्यातच आहे. मला तर हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, कायदा म्हणजे पकडायचा आणि सोडायचा.

लेकरांसाठीच्या त्या कायद्याच्या प्रती काढायला त्या माझ्याकडे यायच्या, कारण प्रिंटर चौकात माझ्याकडेच होता. सरकारी मराठी वाचून त्या फार वैतागायच्या. शाळेतला लाल पेन अजून जवळ होता, त्याने त्या कायदा तपासायच्या. एका पानावर 'लैंगिक प्रयोजनासाठी बालकाचा वापर' अशी ओळ होती. तिच्या शेजारी त्यांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'हे आईला कसं सांगायचं?' ते पान माझ्या हातून चुकून दोनदा निघालं होतं. त्यातलं लाल शाईचं मी ठेवून घेतलं, ते अजून आहे.

गंमत अशी, की या बाईंचा स्वतःचा फोन बटणांचा होता. मग ऑनलाइन जगाचं ज्ञान मिळवायचं कुठून, तर माझ्याकडून. दोनशे पानी वही घेऊन समोरच्या स्टुलावर बसायच्या. 'रिक्वेस्ट म्हणजे काय', 'ब्लॉक केल्यावर त्याला कळते का', 'स्क्रीनशॉट कसा काढतात', असे प्रश्न घरून लिहून आणायच्या. मी मोठ्या रुबाबात शिकवायचो. पुढच्या आठवड्यात त्या येऊन तेच मला उलटसुलट विचारायच्या आणि माझं उत्तर जरा इकडेतिकडे झालं की वहीकडे बोट दाखवायच्या. चहाच्या टपरीवाल्याला वाटायचं, मी अजून दहावीतच आहे.

आता माझ्या चुकीचं सांगतो.

कापूस फुटायला लागला होता. जवळच्या एका गावचे एक शेतकरी फोन घेऊन आले. मुलीच्या हातून जनावरांच्या हौदात पडला म्हणाले. मुलगी दहावीत, फोन तिच्या अभ्यासाला घेतलेला. संध्याकाळी येतो म्हणून ते सोयाबीनच्या कामाला आदिलाबादला गेले. मी फोन खोलला, वाळवला, बॅटरी बदलली आणि दुपारी तो चालू झाला. चालू झाला तसे अडकून पडलेले मेसेज धडाधड यायला लागले. सगळे एकाच खात्यावरून. खात्याला नाव मुलीचं, फोटोही कुठल्यातरी मुलीचा. भाषा हिंदी. मी वाचायला नको होते, पण अशा गोष्टी आपण ठरवायच्या आत वाचून होतात. 'आज भेज. नहीं तो तेरे बाप के नंबर पे जाएगा.' फोन हौदात पडला नव्हता, टाकला होता, हे मला तेव्हा कळलं.

मी फोटो उघडले नाहीत. हे मी कोर्टात शपथेवर सांगितलं आणि इथेही सांगतो.  पण संध्याकाळी बाप येणार, त्याच्या हातात हा फोन जाणार, तो हे बघणार, आणि मग त्या पोरीचं काय होणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मी सगळा फोन कोरा करून टाकला. एकही मेसेज, एकही चित्र ठेवलं नाही. संध्याकाळी वडील आले, तेव्हा त्यांना म्हणालो की पाणी आत गेल्यामुळे जुनं सगळं उडालं, फोन तेवढा वाचला. त्यांनी माझे आभार मानले. मी घरी गेलो, दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आपण आज कोणाच्यातरी लेकीची अब्रू वाचवली, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा मी ही गोष्ट त्यांना सांगितली. नाव-गाव सांगितलं नाही, पण शाबासकीची अपेक्षा नक्कीच होती. बाई ऐकत होत्या. मग त्यांनी हातातली वही मिटली आणि विचारायला सुरुवात केली. मेसेज किती वाजता आले, खात्याचं नाव काय, नावापुढे आकडे होते का, फोटो कसा होता. मला सगळं आठवत होतं. त्यांनी विचारलं, यातलं काही लिहून ठेवलं का. मी म्हटलं, नाही, सगळं पुसून टाकलं.

"तू त्या पोरीची साक्ष पुसली," बाई म्हणाल्या. "तुह्या मनात पाप नव्हतं, थे मले समजते. पण तो तिकडं जसाचा तसा बसला हाय. फोटो त्याच्यापाशी हायेत. अन् हिच्यापाशी जे होतं थे तू कोरं केलं."

त्या दिवशी त्यांनी मला पाढा विचारला नाही. त्यावरूनच मला माझी चूक केवढी मोठी आहे हे कळलं.

मग म्हणाल्या, आता लिहून दे. काय पाहिलंस, कधी पाहिलंस, काय पुसलंस, सगळं.  पोलीस, कोर्ट, तारखा, हे आलंच. त्याहून मोठी भीती धंद्याची. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये डोकावून पोलिसात जाणाऱ्या माणसाकडे दुसऱ्या दिवशी कोण फोन देणार? मी तसं बोलून दाखवलं. बाईंनी कलमं सांगितली. कलमं त्यांना पाढ्यांसारखीच पाठ होती. एकोणीस म्हणजे ज्याला कळलं त्याने कळवलंच पाहिजे. वीस म्हणजे स्टुडिओवाला, हॉटेलवाला, दवाखानेवाला, यांनीही. त्यात त्यांनी मला स्वतःच्या अधिकारात बसवून टाकलं. न कळवणं हा गुन्हा, आणि चांगल्या मनाने कळवलं तर कळवणाऱ्यावर काही येत नाही. मी म्हणालो, विचार करतो.

बाई उठल्या नाहीत. सकाळचे दहा वाजले होते. स्टूल जरा भिंतीकडे सरकवलं आणि पेपर वाचत बसल्या. गिऱ्हाइकं आली, गेली. बाई रागावल्यासारख्याही दिसत नव्हत्या. मी जेवायला घरी गेलो आणि परत आलो, तर त्या तिथेच डबा उघडून जेवत होत्या. मला लोणच्याची फोडही दिली. तीनच्या सुमारास मी शटर अर्धं ओढलं आणि लिहायला बसलो. चार पानं झाली. त्यांच्या हातात लाल पेन बघून मी म्हणालो, शुद्धलेखन तपासून द्या, पुन्हा नीट उतरवतो.

"चुका राहू दे," त्या म्हणाल्या. "तुह्या चुका पाहूनच लोकाईले पटन का हे तूच लिव्हलं."

मग मी त्यांना नाव आणि गाव सांगितलं. दुकान उघडल्यापासून गिऱ्हाइकाचं काही दुसऱ्याला सांगण्याची ती माझी पहिलीच वेळ.

आधी बाई एकट्याच त्या मुलीच्या घरी गेल्या. त्या घरात काय बोलणं झालं, यातलं त्यांनी मला फार थोडं सांगितलं, तेही पुढे त्या वडिलांनी स्वतः सांगितल्यावर. पोरीने आईपाशी तोंड उघडलं होतं. वडील ओट्यावर बसून होते आणि त्यांचं एकच चाललं होतं: शाळा बंद, आणि नदीपलीकडे एक स्थळ होतं ते लगेच पक्कं करायचं. पोरगी हुशार होती. तिला नर्स व्हायचं होतं. दहावीची परीक्षा चार महिन्यांवर आणि घरात लग्नाचा विचार. बाईंनी त्यांना सांगितलं की अठराच्या आतलं प्रत्येक जण कायद्याला लेकरूच, तिचं लग्न लावलं तर तो आणखी एक गुन्हा, आणि यातला एकही गुन्हा तिचा नाही. वडील म्हणाले, ते सगळं खरं, पण गावात नाव जाईल त्याचं काय.

"तिचं नाव कुठंच येत नाही," बाई म्हणाल्या. "पेपरात नाही, पोलिसाच्या तोंडी नाही, कोर्टाच्या निकालात नाही. कायदाच तसा हाय. नाव बाहेर आलं तं थे तुह्याच तोंडातून येईन."

 मग त्यांनी विचारलं की पोलीस गाडी घेऊन दारात येतील का.

नाही आले. लेकराला जिथे बोलावंसं वाटतं, जबाब तिथे घ्यायचा, असं कायदा म्हणतो. अधिकारी बाईमाणूस, आणि अंगावर वर्दी नको. पोरीला बाईंनी विचारलं, कुठं बोलशील? घरात नको म्हणाली, ओट्यावर सारखी माणसं येतात. शाळेत नको. ठाण्यात तर नकोच. शेवटी म्हणाली, वावरात, कापूस वेचताना. ऑफिसात कोणीतरी यावर हसलं असं मी ऐकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ठाण्यातल्या सब-इन्स्पेक्टर, एस.आय. मॅडमना विचारलं, तुम्हाला कापूस वेचता येतो का? त्या तेलुगू, पंचविशीच्या, गोदावरीकडच्या, भातशेतीतल्या. येत नव्हता.

माझ्या मारुती व्हॅनमधून मी त्यांना घेऊन गेलो. एस.आय. मॅडम साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, त्या उतरल्या, आणि पोरीच्या आईने त्यांच्या कमरेला कापडाची ओटी बांधून दिली. मी रस्त्यावर गाडीपाशी थांबलो. मला एक शब्दही ऐकू येत नव्हता, येऊ नये अशाच बेताने बाईंनी मला उभं केलं होतं. दिसत मात्र होतं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, चार ओळी, चार बायका. एका कडेला आई, मग पोरगी, मग बाई, मग मॅडम. हळूहळू पुढे सरकत होत्या. कधी चौघी थांबायच्या. मग बाईंची मान मॅडमकडे वळायची आणि त्या तेलुगूत काहीतरी सांगायच्या, मग पुन्हा हात चालू. दूरवरून बघणाऱ्याला चार बाया कापूस वेचताहेत एवढंच दिसलं असतं. दोन माणसं बैलगाडी घेऊन बाजूने गेलीही, आणि त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यांना समोरच्या धुऱ्यापर्यंत पोचायला दीड तास लागला. तिथे बाभळीखाली बसून मॅडमनी लिहून काढलं. लिहिताना बाई त्यांना एक-दोनदा थांबवत होत्या, ते मी पाहिलं. पुढे विचारलं तेव्हा म्हणाल्या, लेकराने जो शब्द वापरला तोच लिहायचा, आपला चांगला शब्द घालायचा नाही, हेही कायद्यात आहे. कोणता शब्द, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. परत निघताना पोरीने मॅडमच्या ओटीत हात घालून पाहिलं. कापसापेक्षा वाळलेला पालाच जास्त होता. ती हसली. मॅडमही हसल्या आणि "पर्वालेदु, पर्वालेदु" म्हणाल्या. काही हरकत नाही, असं. गाडीत बसल्यावर बाई मात्र चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या, आणि माझं दुकान आलं तरी पुसतच होत्या.

खेड्यात गोष्टी लपत नाहीत. माझी गाडी त्या वावराजवळ कशाला थांबली होती, याची चर्चा झालीच. चार दिवसांनी एक माजी सरपंच माझ्या दुकानात आले. साठी उलटलेले, पांढरं धोतर, मोठा आवाज, आणि तेही कधीकाळी बाईंच्या वर्गात तीन महिने बसलेले, रात्रशाळेला. बाई स्टुलावर होत्याच. ते म्हणाले की काही तरी ऐकलंय, गावातलं गावातच मिटलेलं बरं, चार माणसं बसवू. बाईंनी विचारलं, कोणाबद्दल बोलून राह्यला? ते म्हणाले, आता नाव कशाला घ्यायचं. बाई म्हणाल्या, बरं, मग तेरा सत्ते किती? सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून स्क्रू शोधायला लागलो. "एक्क्याण्णव," ते म्हणाले.

"हे पक्कं माहीत होतं म्हणून सांगतलं ना? बाकीचंई पक्कं माहीत होईस्तोवर बोलू नको."

ते चहा न घेता गेले. चार माणसं काही बसली नाहीत. आणि बसून तरी कोणाशी मिटवणार होती? तो माणूस गावातला नव्हताच. तो तिसऱ्याच राज्यातल्या एका शहरात खोली करून राहत होता.

माझ्या चार पानांवरून पोलिसांनी खात्याचं नाव आणि वेळ घेतली, त्या ॲपच्या कंपनीकडून नोंदी मागवल्या, आणि काही महिन्यांनी तो सापडला. त्याच्याकडे एका मुलीचे फोटो नव्हते, अनेक मुलींचे होते. त्यातल्या किती जणींचे बाप माझ्यासारख्याच कुणा दुकानदाराला धन्यवाद म्हणून फोन घेऊन गेले असतील, हा विचार मला अजून सोडत नाही. मी ते मेसेज ठेवले असते तर काम महिनाभर आधी झालं असतं, असं मॅडम एकदा सहज बोलून गेल्या. बाईंनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. पण ते खरं होतं.

कोर्टात बाई पोरीच्या शेजारी बसल्या. दार बंद, मधे पडदा, तो माणूस तिला दिसू नये म्हणून. वकिलाचे प्रश्न आधी जज्जसाहेबांकडे, आणि तिथून तिच्याकडे. हे मला नंतर कळलं. मला वेगळं बोलावलं. वकिलाने मला धारेवर धरलं: तुम्हीच पुरावा नष्ट केला ना? का केला? त्यात तुमचं काही होतं का?  शेवटी मी एवढंच म्हणालो की चूक झाली, चांगलं करायला गेलो आणि चूक झाली. बाहेर बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली आणि शेजारी बसवून घेतलं. त्याला शिक्षा झाल्याचं समजलं, त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधून ठेवला, आणि विचारलं की शाळेत पोरांपुढे बोलशील का. मी विचारलं, काय बोलू? म्हणाल्या, हेच. कोणी धमकी दिली तर पुसू नका, लपवू नका, घाबरू नका, सांगा. आणि तू काय केलंस तेही सांग.

तेव्हापासून दर वर्षी मी भीमपूर मंडलातल्या शाळांत जातो, दूरच्या गुडीहत्नूरलाही दोनदा जाऊन आलो. पहिल्या वर्षी बाई मागच्या बाकावर बसून ऐकत. मी माझ्या मूर्खपणाची गोष्ट सांगतो, नाव-गाव वगळून. पोरं हसतात. मग एखादं लेकरू शाळा सुटल्यावर दारापाशी रेंगाळतं. धंद्याची जी भीती होती तीही फुकट गेली. उलट आयाच पोरींना सोबत घेऊन फोन दाखवायला येतात.

बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. आठ दिवसांचं आजारपण, त्यात जेमतेम दोन दिवस दवाखाना. पुण्यानुमोदनाला विहारासमोरचा मंडप पुरला नाही. शाळेचे जुने हेडमास्तर, ऐंशीच्या घरातले, टेबलाशी वही घेऊन बसले होते. त्यांनीच ठरवलं की बाईंच्या प्रत्येक विद्यार्थ्याने उभं राहावं, कोणत्या सालची बॅच ते सांगावं आणि नाव वहीत लिहावं. माइक हातोहात फिरू लागला. क्लार्क, कंडक्टर, मास्तर, शेतकरी, एक तहसील ऑफिसातली मॅडम, सगळे उठून आपापलं साल सांगत होते. बाईंच्या दुसऱ्या कामाबद्दल कोणी बोललं नाही. ज्यांना बोलता आलं असतं, त्यांना बोलायचं नव्हतं.

बायकांच्या बाजूला, मागच्या रांगेत, ती बसलेली मला दिसली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, हे मला माहीत होतं. मी ओळख दाखवली नाही, तिनेही नाही. माइक रांगेतून सरकत सरकत तिच्या हातात आला. तिला तो पुढे देता आला असता. ती उभी राहिली.

"मी बाईची विद्यार्थिनी हाय," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी साल विचारलं. ती बोलली नाही. त्यांनी चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं आणि गाव विचारलं. तिने सांगितलं. म्हातारा मोठा हिशेबी. त्यांनी मनात वर्षं मोजली आणि माइकवरच म्हणाले की पोरी, तुझ्या गावच्या शाळेत तर बाई कधी नव्हत्या, आणि तू दुसरी-तिसरीत असशील तेव्हाच त्या रिटायर झाल्या. मग तुला त्यांनी शिकवलं कधी? त्यांच्या मनात काही नव्हतं. पण माना वळल्या. माजी सरपंच पुढच्या रांगेत बसले होते, त्यांनीही मान वळवली. तिच्या हातातला माइक खाली आला.

मी उठायला लागलो. काय सांगायचं ते काही सुचलं नव्हतं, पण उठायला लागलो. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने, मंडपाच्या खांबापाशी, एक माणूस उभा राहिला. तिचे वडील. हातात टोपी, पायात धुळीच्या चपला तशाच. असल्या गर्दीत ते कधी बोलले असतील असं वाटत नाही.

"शिकवणीले होती, सर," ते म्हणाले. "बाईच्या घरी. मीच आणून सोडत होतो तिले. रोज."

हेडमास्तर "असं होय," म्हणाले. त्यांनी तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव, माइकमध्ये, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं. सरांनी ते विद्यार्थ्यांच्या यादीत लिहून घेतलं आणि माइक पुढच्या बाईकडे गेला.